खडा दिसतोय पण निघत नाही: पित्तनलिकेतला अवघड खडा ईआरसीपीने काढताना

ईआरसीपी (तोंडातून स्कोप घालून पित्तनलिकेत शिरायचं आणि डाय सोडून ती एक्स-रेवर बघायची) शिकणाऱ्याला सुरुवातीला एकच धास्ती असते, कॅन्युलेशन होईल का, म्हणजे नळीच्या तोंडातून आत शिरता येईल का. वायर पित्तनलिकेत सरकली की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो, सिस्टरपण हसते, आणि मग डाय सोडल्यावर स्क्रीनवर भलामोठा खडा दिसतो, त्याच्याखाली नळी निमुळती होत गेलेली, आणि तेव्हा कळतं की खरं काम तर आता सुरू झालंय.

साधारण ८५ ते ९० टक्के पेशंटमध्ये नेहमीची रीत चालते, म्हणजे पॅपिलावर (पित्तनलिका ड्युओडेनममध्ये, लहान आतड्याच्या सुरुवातीला उघडते तिथला उंचवटा) कट मारा, बलून किंवा बास्केट (तारांची टोपली) घाला, खडा ओढून काढा. १९७४ साली जर्मनीत क्लासेन आणि डेमलिंग यांनी आणि त्याच वर्षी जपानमध्ये कावाई यांनी हा कट पहिल्यांदा जाहीर केला, आणि त्यामागची कल्पना आजही तीच आहे. हा लेख उरलेल्या १० ते १५ टक्क्यांसाठी आहे, नव्याने ईआरसीपी शिकणाऱ्यांसाठी आणि शेजारी उभं राहून बास्केट उघडबंद करणाऱ्या असिस्टंटसाठी पण, कारण अवघड खडा एकट्याच्या हाताने निघत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे पुढचं सगळं त्याच्याभोवती वाचता येईल. खडा "अवघड" असतो तो नुसता मोठा आहे म्हणून नाही, तर खडा आणि त्याची बाहेर पडायची वाट यांची मापं जुळत नाहीत म्हणून. १८ मिमीचा खडा २० मिमीच्या सरळ नळीत असेल तर तो आपसूक खाली येतो, आणि १० मिमीचा खडा ६ मिमीच्या निमुळत्या नळीवर बसला असेल तर घाम फोडतो. म्हणून प्रत्येक पायरीला दोन आकडे डोक्यात ठेवायचे, खडा केवढा आणि खड्याखालची नळी केवढी. ओढायचा निर्णय त्यानंतर.

टेबलावर घेण्याआधी

पहिला प्रश्न, खडा खरंच आहे का. नुसतं बघायला म्हणून ईआरसीपी करायचे दिवस गेले. सोनोग्राफीत नळीतला खडा दिसलाय, किंवा ताप-थंडी-कावीळ असा कोलँजायटिस (पित्तनलिकेतलं इन्फेक्शन) आहे, किंवा बिलिरुबिन ४ मिग्रॅ/डेलिच्या वर आणि नळी फुगलेली आहे (पित्ताशय असताना ६ मिमीपेक्षा जास्त, पित्ताशय काढलेलं असेल तर ८ पेक्षा जास्त) तर सरळ ईआरसीपीकडे जायला हरकत नाही. बाकीच्यांना आधी एमआरसीपी (एमआरआयने काढलेलं नळीचं चित्र) किंवा ईयूएस (स्कोपच्या टोकाने आतून केलेली सोनोग्राफी). ५ मिमीच्या आतला खडा एमआरसीपीत निसटू शकतो, तिथे ईयूएस जास्त भरवशाचं. आणि रिपोर्ट तीन आठवड्यांपूर्वीचा असेल, मधल्या काळात दुखणं थांबलंय आणि लिव्हरच्या टेस्ट नॉर्मल झाल्यात, तर खडा निघून गेला असण्याची चांगलीच शक्यता असते, परत बघितल्याशिवाय स्कोप घालू नका.

एमआरसीपीचा रिपोर्ट नको, फिल्म बघा, स्वतः. रिपोर्टमध्ये बहुतेक वेळा "मल्टिपल कॅल्क्युलाय, लार्जेस्ट अमुक मिमी" एवढंच लिहिलेलं असतं, पण आपल्याला हवं असतं ते वेगळंच: खालच्या टोकाला नळी किती रुंद आहे, तिला कोन आहे का, खड्याच्या खाली स्ट्रिक्चर (आकसून अरुंद झालेला भाग) आहे का, खडा गोल आहे की पिंपासारखा नळीभर बसलाय, लिव्हरच्या आतल्या फांद्यांमध्ये काही आहे का, सिस्टिक डक्टमधून (पित्ताशयाची नळी) बाहेरून दाब येतोय का. खालच्या नळीचा कोन १३५ अंशांपेक्षा कमी असेल किंवा शेवटचा सरळ तुकडा ३६ मिमीपेक्षा आखूड असेल तर खडा काढायला त्रास होतो हे अभ्यासात दिसलंय आणि हातालाही जाणवतं. १५ मिमीपेक्षा मोठा खडा असेल किंवा खूप खडे असतील तर लिथोट्रिप्टर (खडा फोडायचं यंत्र) ट्रॉलीवर आधीच काढून ठेवा, आणि त्याचं हँडल एकदा फिरवून बघा. ऐनवेळी कपाटातून काढलेलं हँडल जाम निघतं हा अनुभव मी एकदा घेतलाय, तुम्ही नका घेऊ.

पोटाचं जुनं ऑपरेशन झालंय का हे विचारा आणि कागद मागवा. "अल्सरचं काहीतरी केलं होतं" एवढ्यावर समाधान मानू नका, कारण बिलरॉथ टू आणि रू-एन-वाय (पोट आणि आतडं जोडायच्या दोन वेगळ्या पद्धती) यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

रक्त पातळ करणारी औषधं. अ‍ॅस्पिरिन चालू ठेवायची. क्लोपिडोग्रेल ५ ते ७ दिवस आधी बंद, पण हृदयात नवीन स्टेंट असेल तर कार्डिओलॉजिस्टला विचारल्याशिवाय नाही म्हणजे नाही. वॉरफरिन ५ दिवस आधी बंद करून आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) १.५ च्या खाली आलेला बघायचा. नवीन गोळ्या, अ‍ॅपिक्साबॅन वगैरे, दोन-तीन दिवस आधी थांबवायच्या, किडनी कमजोर असेल तर त्याहून आधी. आणि पेशंट सेप्सिसमध्ये (इन्फेक्शन अंगभर भिनलेलं) आहे, औषध बंद करायला वेळच नाही, तर त्या दिवशी कट मारायचाच नाही, नुसता स्टेंट (प्लास्टिकची नळी) टाकून पू आणि पित्त वाहतं करायचं, खडा नंतर बघू.

कोलँजायटिसचं गणित वेगळं असतं हे पक्कं लक्षात ठेवा. सेप्टिक शॉकमधल्या पेशंटला लवकरात लवकर, १२ तासांच्या आत निचरा हवा, मध्यम तीव्रतेच्या पेशंटला ४८ ते ७२ तासांत, सौम्य असेल तर सवडीने. अशा आजारी पेशंटमध्ये त्याच बैठकीत मोठ्ठा खडा फोडत बसायचा मोह होतो, विशेषतः केस छान चाललेली असताना, तो आवरा.

पॅन्क्रिअ‍ॅटायटिस (स्वादुपिंडाला सूज) टाळायला गुदद्वारातून डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथासिन १०० मिग्रॅ, किडनीचा त्रास किंवा अ‍ॅलर्जी नसेल तर. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ६०२ जास्त जोखमीच्या पेशंटच्या ट्रायलमध्ये इंडोमेथासिनने पॅन्क्रिअ‍ॅटायटिसचं प्रमाण १६.९ वरून ९.२ टक्क्यांवर आलं होतं. एवढी स्वस्त आणि सोपी गोष्ट विसरायची म्हणजे हद्द झाली, पण विसरली जाते, म्हणून चेकलिस्टमध्ये टाका.

आत शिरताना

कॅन्युलेशन हा स्वतंत्र विषय आहे, इथे थोडक्यात. पॅपिलाला ५ पेक्षा जास्त वेळा टोचलं, ५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ गेला किंवा वायर एकापेक्षा जास्त वेळा स्वादुपिंडाच्या नळीत गेली की ते अवघड कॅन्युलेशन समजायचं आणि पद्धत बदलायची, तेच तेच करत बसायचं नाही. वायर स्वादुपिंडात सारखी जात असेल तर ती तिथेच ठेवून दुसऱ्या वायरने प्रयत्न करा, आणि शेवटी तिथे ५ फ्रेंचचा (नळीच्या जाडीचं माप, ३ फ्रेंच म्हणजे १ मिमी) स्टेंट ठेवून या.

एक प्रकार मात्र वेगळा, खडा पॅपिलाच्या तोंडातच अडकलेला. पॅपिला टम्म फुगून ड्युओडेनममध्ये लोंबत असतं, भोक खाली दडलेलं, कॅथेटर काही केल्या धरत नाही. इथे नीडल नाइफने (सुईसारखी विजेची सुरी) फुगलेल्या भागावर सरळ खड्यावरच कट घेता येतो, कारण खालचा खडा स्वादुपिंडाच्या बाजूला सुरी जाऊ देत नाही. कट पुरला की बऱ्याचदा खडा आणि पू दोन्ही एकदम बाहेर उडी मारतात. शिकाऊ माणसाला नीडल नाइफची भीती वाटते ती रास्तच आहे, पण हा त्यातला सगळ्यात सुरक्षित प्रसंग.

पहिला फोटो नीट वाचा

वायर आत गेली की घाईने डाय सोडू नका. कोलँजायटिस असेल तर आधी सिरिंजने पित्त ओढून घ्या, दाब कमी करा, मग थोडासाच डाय. भरलेल्या नळीत जोरात डाय मारणं म्हणजे जंतू रक्तात ढकलणं. डाय अर्धा पातळ केलेला हवा, कारण फुगलेल्या नळीत दाट डायमध्ये खडा बुडून जातो, दिसतच नाही. कॅथेटरमधली हवा आधीच काढून टाका. तरी बुडबुडा आलाच तर तो एकदम गोल असतो, टेबल तिरकं केलं की वरच्या बाजूला पळतो आणि दोन बुडबुडे एकत्र होतात, खडा तसं करत नाही, तो कोनाकोनाचा असतो आणि सहसा खाली बसतो.

मग मापं. स्क्रीनवर स्कोप दिसतच असतो, त्याची जाडी साधारण ११ ते १३ मिमी, आपल्या मॉडेलची नेमकी किती ते पाठ असू द्या आणि त्याच्याशी खडा ताडून बघा. खडा स्कोपपेक्षा जाड दिसतोय का? खड्याखालची नळी स्कोपपेक्षा बारीक दिसतेय का? दोन्हीचं उत्तर हो आलं तर साध्या बास्केटला हात लावू नका. हे वाक्य मोठ्याने बोला, असिस्टंटला ऐकू जाईल असं, म्हणजे तोही साधी बास्केट पुढे करणार नाही.

दार किती उघडायचं

कटची दिशा ११ ते १२ वाजल्याची. तारेचा थोडाच भाग टिशूत ठेवायचा, हळूहळू, टप्प्याटप्प्याने. सगळी तार आत घालून करंट दिला की कट चेनसारखा सर्रकन वर फाटत जातो, रक्तही येतं आणि भोकही पडतं. पॅपिलाच्या वरच्या घडीच्या पलीकडे जायचं नाही.

पूर्वी मोठ्या खड्यासाठी होईल तेवढा मोठा कट मारायचे. आता रीत बदललीय. २००३ नंतर छोटा कट आणि त्यावर मोठा बलून ही पद्धत रूढ झाली, आणि अवघड खड्यासाठी पहिला पर्याय आज हाच मानतात, कारण यात फोडाफोडीची गरज कमी पडते. करायचं असं:

वायर नळीत खोलवर, लिव्हरच्या दिशेने. कट अर्धा किंवा त्याहून कमी. मग १२ ते २० मिमीमधला बलून निवडायचा, आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. बलूनचं माप खड्यावरून ठरवायचं नाही, खालच्या नळीवरून ठरवायचं. खडा २० मिमीचा आणि नळी १३ मिमीची असेल तर बलून १३ च्या वर न्यायचा नाही, बाकीचं काम फोडून करायचं. बलूनचा मधला भाग पॅपिलाच्या तोंडाशी ठेवून पातळ डायने सावकाश फुगवा, स्क्रीनवर मध्ये कंबर दिसते, ती हळूहळू नाहीशी व्हायला हवी. बलूनवर छापलेल्या कमाल प्रेशरच्या पाऊण भागापर्यंत गेलात आणि कंबर तशीच, तर थांबा. तिथे स्ट्रिक्चर आहे आणि पुढचा प्रत्येक पिळा भोकाकडे नेतोय. कंबर गेली की ३० ते ६० सेकंद धरून ठेवा आणि सोडा.

कट अजिबात न मारता नुसता बलून वापरायची वेळ फक्त रक्तस्रावाचा धोका असलेल्या पेशंटमध्ये येते, आणि तिथे खडेही छोटे असायला हवेत. ८ मिमीपर्यंतचा बलून वापरतात आणि उलट जास्त वेळ, २ ते ५ मिनिटं धरतात, कारण झटपट फुगवून सोडल्यावर पॅन्क्रिअ‍ॅटायटिस जास्त होतो. हे ऐकायला उलटं वाटतं, मलाही वाटलं होतं.

ओढायचं कसं

सगळ्यात खालचा खडा आधी, एका वेळी एक. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी चार खडे बघितल्यावर बलून सगळ्यात वर नेऊन फुगवायचा मोह होतोच. मग चारही खडे एकमेकांना रेटत खाली येतात, तोंडाशी पाचर बसते, आणि साधी केस अवघड होऊन बसते, आपल्याच हाताने.

बलून की बास्केट? फार फुगलेल्या नळीत बलून खड्याच्या बाजूने निसटून खाली येतो, तिथे बास्केट बरी. नळी जेमतेम रुंद आणि खडे छोटे असतील तर बलून, कारण बास्केट तिथे उघडतच नाही. बास्केट बंद ठेवून खड्याच्या वर न्यायची, रुंद जागेत उघडायची, आणि उघडी बास्केट हलकेच खालीवर करत खड्यावर आणायची. खड्याच्या खाली उघडून वर ढकलली तर खडा लिव्हरच्या आत जातो, मग शोधत बसा. असिस्टंटने बास्केट सावकाश बंद करायची, खडा हाताला लागला की थांबायचं, घट्ट आवळायचं नाही, कारण तारा खड्यात रुतल्या की सोडवणं मुश्किल.

ओढताना जोर नळीच्या अक्षात लागला पाहिजे. नवीन माणूस स्कोप सरळ बाहेर खेचतो आणि खडा कटच्या कडेवर आपटत राहतो. खडा तोंडाशी आणा, मग मोठ्या चाकाने स्कोपचं टोक खाली वळवा आणि स्कोप उजवीकडे फिरवा, एवढ्याने खडा बाहेर पडतो. दोन-तीन नीट प्रयत्नांत येत नसेल तर तो तसा येणारच नाही, मापं परत बघा.

फोडायचा खडा

मेकॅनिकल लिथोट्रिप्सी १९८० च्या दशकात आली आणि अजून तीच सगळ्यात जास्त हाताशी असते. जाड तारांची बास्केट, तिच्यावर धातूचं आवरण, बाहेर पिळायचं हँडल. खडा पकडायचा, रुंद जागेत ठेवायचा, आवरण खड्याला टेकवायचं आणि हँडल हळूहळू पिळायचं. हळूहळू. एकदम पिळलं तर तार तुटते किंवा खडा निसटतो, थोडं पिळून थोडं थांबलं की तारा खड्यात कापत जातात. फुटल्यावर मोठे तुकडे परत पकडून परत फोडावे लागतात, एका झटक्यात काम होत नाही.

कुठे चालत नाही ते पण सांगतो. खडा नळीच्या भिंतींना घट्ट चिकटून बसलाय, बास्केट उघडायला चहूबाजूंनी जागाच नाही, तिथे पकडणंच होत नाही तर फोडणार काय. खडा ३ सेमीच्या घरात असेल तर तिथेही बहुतेक निराशा. उलट तपकिरी रंगाचे, इन्फेक्शनमुळे नळीतच तयार झालेले खडे मऊ असतात, ढेकळासारखे विरतात.

आता सगळ्यांच्या दुःस्वप्नातला प्रसंग, खडा पकडलेली बास्केट अडकली. बाहेर येत नाही, सुटतही नाही. माझ्यावर ही वेळ आली तेव्हा मी पहिली दहा मिनिटं फक्त ओढत होतो, आणि ती दहा मिनिटं पूर्ण वाया गेली, उलट खडा अजून घट्ट बसला. आधी उलटं करायचं, बास्केट वर ढकलायची, जिथे नळी रुंद आहे तिथपर्यंत, मग पूर्ण उघडून हलवायची, खडा बहुतेक वेळा गळून पडतो. नाही पडला तर शेजारून वायर घालून तोंड बलूनने अजून रुंद करता येतं. तेही नाही जमलं तर बचावाचा लिथोट्रिप्टर, ज्याला नेहमीच्या बोलण्यात सोहेंद्रा म्हणतात: बास्केटचं हँडल कापायचं, प्लास्टिकचं आवरण काढायचं, स्कोप बाहेर घ्यायचा, तारा तोंडातून बाहेर लोंबत राहतात, त्यांच्यावरून धातूची नळी एक्स-रेखाली थेट खड्यापर्यंत सरकवायची आणि पिळायचं. शेवटी तारच तुटली आणि बास्केट आत राहिली तरी आभाळ कोसळत नाही, शेजारून स्टेंट टाका, पित्त वाहतं ठेवा, आणि लेझर किंवा सर्जनकडे व्यवस्थित पाठवा. बास्केट आत ठेवून ओढाताण करत नळी फाडण्यापेक्षा ते शंभरपट बरं.

आणि यातला धडा ट्रॉलीवरच असतो, प्रत्येक साधी बास्केट लिथोट्रिप्टरला जोडता येत नाही. पाकीट फोडायच्या आधी बघा.

बघून फोडायचा

कोलँजिओस्कोपी म्हणजे मोठ्या स्कोपच्या चॅनलमधून बारीक स्कोप थेट पित्तनलिकेत. स्पायग्लास २००७ च्या सुमारास आला आणि तेव्हापासून एकटा डॉक्टर दोन्ही स्कोप चालवू शकतो, डिजिटल २०१५ मध्ये आला. खड्यावर प्रत्यक्ष नजर ठेवून लेझर किंवा इलेक्ट्रोहायड्रॉलिक प्रोबने तो फोडायचा. बास्केट उघडायला जागा नसते तिथे हाच उपाय, यश साधारण ९० टक्क्यांच्या आसपास मिळतं.

काळजी दोन-तीन गोष्टींची. इलेक्ट्रोहायड्रॉलिकची ठिणगी पाण्यातच काम करते, म्हणून सलाइन सतत चालू. प्रोबचं टोक स्कोपच्या पुढे दिसलं पाहिजे, नाहीतर खड्याऐवजी स्कोपच फुटतो, आणि टोक खड्याकडे हवं, भिंतीकडे नाही, भिंतीवर मारलं तर रक्त नाहीतर भोक. खड्याच्या मधोमध मारत राहा, एकाच जागी, भेग पडेपर्यंत. आत सोडलेलं सलाइन सारखं ओढूनही घ्या, दाब वाढला की जंतू रक्तात जातात, म्हणून अँटिबायोटिक आधीच दिलेलं असावं. हेच पाणी पोटात साठून घशाशी येतं, त्यामुळे लांबणाऱ्या केसमध्ये अनेस्थेटिस्टला आधीच सांगा, बरेच जण इंट्युबेशन पसंत करतात आणि मला ते बरोबर वाटतं.

बाहेरून शॉकवेव्ह देऊन फोडायचा मार्गही आहे, किडनीच्या खड्यासारखाच. पित्तनलिकेतले खडे बहुतेक एक्स-रेवर दिसत नाहीत म्हणून आधी नाकातून पित्तनलिकेत ड्रेन ठेवायचा, त्यातून डाय सोडून नेम धरायचा. बैठका जास्त लागतात आणि भुगा काढायला परत ईआरसीपी लागतेच.

थांबायचं कधी

हा भाग लिहायला मला सगळ्यात आवडतं आणि वाचणाऱ्याला सगळ्यात कमी. पेशंट वयस्कर आहे, ऑक्सिजन खाली जातोय, तास उलटलाय, कटमधून रक्त झिरपतंय, खडा अजून तिथेच. अशा वेळी ७ किंवा १० फ्रेंचचा पिगटेल (टोकं वळलेला) स्टेंट खड्याच्या वर नेऊन ठेवायचा, शक्यतो दोन, आणि बाहेर यायचं. ही हार नाही, ही ठरवून केलेली पहिली बैठक आहे. स्टेंट खड्यावर घासत राहतो आणि दोन-तीन महिन्यांनी बघितलं तर खडा बऱ्याचदा लहान झालेला किंवा आपोआप फुटलेला सापडतो, मग दुसऱ्या वेळी तोच खडा मुकाट्याने निघतो. निचरा झालेला पेशंट आणि आत राहिलेला खडा हे चालतं. निचरा न झालेला पेशंट चालत नाही.

स्टेंट कायमचा इलाज मात्र नाही. ३ ते ६ महिन्यांत परत बोलवायचंच, नाहीतर तो तुंबतो आणि पेशंट थंडी वाजून कोलँजायटिस घेऊन येतो.

काही वेगळे खडे

पॅपिलाच्या शेजारी डायव्हर्टिकुलम (आतड्याच्या भिंतीचा खिसा) असेल तर पॅपिला खिशाच्या काठावर किंवा आत असतं, नळीची दिशा नेहमीची राहत नाही. कट छोटा आणि बलूनवर भर, इथे ही जोडी फार कामाची.

मिरिझी सिंड्रोममध्ये खडा पित्तनलिकेत नसतोच, तो सिस्टिक डक्टमध्ये किंवा पित्ताशयाच्या मानेत बसून बाहेरून दाबतो. अर्जेंटिनाच्या मिरिझी या सर्जनने १९४८ मध्ये त्याचं वर्णन केलं. बलून वरपासून खालपर्यंत चार वेळा फिरवून काहीच येत नाही आणि डायमध्ये बाजूने दाब तसाच दिसतो, तेव्हा हा विचार मनात आला पाहिजे. स्टेंट टाका आणि सर्जनशी बोला, कारण भिंतीत फिस्टुला (आरपार वाट) असू शकतो आणि ऑपरेशनचा बेत बदलतो.

स्ट्रिक्चरच्या वरचा खडा काढायचा तर आधी स्ट्रिक्चर रुंद करा, आणि त्याचं कारण शोधा, ब्रशने पेशी खरवडून तपासायला पाठवा. खड्याच्या नादात कॅन्सर निसटलेला फार महागात पडतो.

बिलरॉथ टूमध्ये खालून वर जावं लागतं, पॅपिला उलटं दिसतं, कटची दिशा ५-६ वाजल्याची होते. बरेच जण इथे छोटा कट किंवा नुसता बलून वापरतात. रू-एन-वायमध्ये साधा स्कोप सहसा पोचतच नाही. बलून एन्टरोस्कोप, लॅपरोस्कोपीने पोटात वाट करून ईआरसीपी, ईयूएसने केलेला रस्ता, किंवा लिव्हरमधून सुई घालून, यातलं जे आपल्याकडे नेहमी होतं ते करा. वर्षातून एकदा करायची पद्धत कठीण पेशंटवर करून बघायची नसते.

गडबड झाली तर

कटनंतर रक्त आलं तर आधी धुवा आणि बघा, बरंचसं आपोआप थांबतं. नाही थांबलं तर बलून फुगवून तोंडाशी दाबून धरा, १:१०,००० अ‍ॅड्रेनलिन, क्लिप, आणि तरीही वाहत असेल तर पूर्ण आवरण असलेला मेटल स्टेंट. क्लिप लावताना स्वादुपिंडाचं तोंड बंद होत नाही ना बघा.

भोक पडल्याचा संशय आला, एक्स-रेवर किडनीभोवती हवा दिसली, डाय नळीबाहेर पसरला, तर लगेच तिथेच उपाय करा, केस संपवून वॉर्डात पाठवून नंतर बघू असं नको. पॅपिलाजवळचं लहान भोक आवरण असलेल्या स्टेंटने आणि उपाशी ठेवून बऱ्याचदा भरतं. स्कोपने ड्युओडेनमची भिंतच फाटली असेल तर सर्जनला त्याच क्षणी फोन. कार्बन डायऑक्साइड वापरत असाल तर पोट कमी फुगतं, अवघड लांब केसमध्ये साध्या हवेपेक्षा तोच वापरा.

दुसऱ्या दिवशी पोटात पाठीकडे जाणारं दुखणं आणि रक्तातलं अमायलेज (स्वादुपिंडाचं एन्झाइम) तिप्पट म्हणजे पॅन्क्रिअ‍ॅटायटिस धरून चाला. कुठल्याही ईआरसीपीनंतर तो ३ ते १० टक्क्यांच्या घरात होतोच, पेशंटला आणि नातेवाइकांना हे आधीच, सहीच्या वेळी, साध्या भाषेत सांगितलेलं असेल तर नंतरचं बोलणं सोपं जातं.

खडा निघाल्यावर

खडा ड्युओडेनममध्ये पडलेला दिसला म्हणून संपलं असं नाही. बलून फुगवून वरून डाय सोडा आणि पूर्ण नळी परत बघा. फोडल्यानंतर तर नक्कीच, भुगा कोपऱ्यात लपतो आणि फार रुंद नळीत डायमध्ये दिसत नाही. शंका असेल तर एक स्टेंट ठेवून परत बोलवा.

पित्ताशय अजून आहे आणि त्यात खडे आहेत तर ते दोन आठवड्यांच्या आत काढलेलं चांगलं. "आता बरं वाटतंय, बघू पुढच्या वर्षी" म्हणणारे पेशंट परत येतात, आणि यावेळी जास्त आजारी होऊन.

स्टेंट टाकलेल्या प्रत्येक पेशंटची एक वही ठेवा, किंवा मोबाइलमध्ये शीट. नाव, फोन, जवळच्या नातेवाइकाचा फोन, कुठला स्टेंट, किती टाकले, कधी टाकला, कधी काढायचा. डिस्चार्ज कार्डवर तारीख मोठ्या अक्षरात, आणि "आत प्लास्टिकची नळी आहे, या तारखेला काढायची आहे" असं मराठीतच. दर सोमवारी ती यादी बघून फोन करायचं काम एका माणसावर सोपवा, म्हणजे नक्की कोणाचं ते ठरलेलं असलं पाहिजे, नाहीतर कोणीच करत नाही.